दिवाळीत गुडघा नको, ताई

कराडहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"मी ६६ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. पाच-सहा वर्षं दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. पाय धनुष्यासारखे बाकदार झालेत. रात्री कूस बदलताना जाग येते, बाजारात दोन गल्ल्या चाललं की कुठेतरी टेकावं लागतं. तेलं झाली, पट्टा झाला, गुडघ्यात तीन इंजेक्शनं झाली. त्यातलं शेवटचं स्टेरॉइडचं, गौरी-गणपतीच्या जरा आधी. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, 'चौथी स्टेज आहे, दोन्ही बदलून टाकू.' मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तो म्हणतो, दिवाळीच्या सुट्टीत एकदाच उरकून घेऊ. मला बारा वर्षं शुगर आहे, ताजा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा) ९.१. जाऊबाईंचा गुडघा तीन वर्षांपूर्वी बदलला, तो अजून दुखतो. रोबोटने केलं तर बरं म्हणतात, पण पैसे जास्त. आणि एक विचारायचं राहिलं. पुन्हा देवापुढे मांडी घालून बसता येईल का? दोन वर्षं स्टुलावर बसून पूजा करते, ते मनाला लागतं."

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. पत्रात तो सर्वांत खाली आला, पण तुमच्या मनात तोच पहिला असावा असं मला वाचताना वाटलं.

मांडी घालून बसता येईल का? बहुतेक करून नाही. बदललेला गुडघा चांगला वळला तर ११० ते १२० अंशांपर्यंत वळतो. खुर्चीतून उठायला, जिना चढायला-उतरायला, रिक्षात बसायला तेवढं पुरतं. मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला याहून पुष्कळ जास्त वाक लागतो, वर पायाला पीळही पडतो. खाली बसणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती थोडी. ज्यांचा गुडघा शस्त्रक्रियेआधीही चांगला वळत होता, अशीच बहुतेक. जास्त वळणारा म्हणून वेगळा सांधा मिळतो, पण प्रत्यक्षात त्याने फारसा फरक पडलेला दिसत नाही. तेव्हा मांडीच्या आशेवर कुणी तुम्हाला टेबलावर चढवत असेल, तर तिथे थांबा.

पण आता दुसरी बाजू. तुम्ही आत्ताही मांडी घालू शकत नाही. म्हणजे शस्त्रक्रियेने जाणार असं तुम्हाला जे वाटतं, ते दोन वर्षांपूर्वीच गेलेलं आहे. मिळू शकतं ते वेगळं: रात्रीची सलग झोप, मंडईपर्यंतची चाल, शाळेच्या स्नेहसंमेलनाला न लंगडता जाणं. देव्हारा ओट्याइतक्या उंचीवर घ्या आणि समोर हाताची खुर्ची ठेवा. माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या कितीतरी बायकांनी हे केलं आहे, आणि पूजेत काही उणं राहिलं असं त्यांच्यातल्या एकीनेही मला सांगितलेलं नाही.

आता गुडघ्यात नेमकं काय करतात ते. आपल्याकडे सर्रास म्हणतात, "वाटी बदलली." वाटी म्हणजे पुढचं गोल हाड. ते सहसा जागेवरच असतं. काही सर्जन त्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची चकती बसवतात, काही तसंच ठेवतात. बदलतात तो मांडीच्या हाडाचा खालचा आणि नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग. दोन्हीकडून साधारण ८ ते १० मिलिमीटरचा थर काढतात. मांडीच्या हाडाला कोबाल्ट-क्रोमियमची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक, आणि दोघांच्या मध्ये पॉलिथिलीनची, म्हणजे टिकाऊ प्लास्टिकची, जाड चकती. बहुतेक वेळा हे सगळं हाडाच्या सिमेंटने पक्कं करतात. दाताला कॅप बसवतात तसं समजा. पूर्ण गुडघा कापून नवा बसवतात ही कल्पना मनातून काढून टाका. धातू आणि पॉलिथिलीनची ही जोडी नवी नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये खुब्याच्या सांध्यासाठी ती वापरली, आणि आजचे बहुतेक सांधे त्याच वाटेने आले आहेत.

दुसरा शब्द "गॅप". "गुडघ्यात गॅप पडलाय" असं सांगत पेशंट येतात, पण होतं उलट. निरोगी गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये दोन हाडांच्या मध्ये काळी फट दिसते, कारण तिथली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, एक्स-रेत उमटत नाही. कूर्चा झिजली की ती फट बुजते आणि हाडाला हाड लागतं. तुमचे पाय बाकदार झालेत याचा अर्थ आतल्या बाजूची कूर्चा जास्त झिजली आहे. "वंगण संपलं" म्हणतात तेही पूर्ण खरं नाही. संपतो तो गुळगुळीत थर, आणि तेल चोळून किंवा कसली पावडर खाऊन तो परत येत नाही.

मग शस्त्रक्रिया कधी करायची? चौथी स्टेज, म्हणजे झिजेची शेवटची पायरी, हे एक्स-रेचं वर्णन आहे, शस्त्रक्रियेची तारीख नव्हे. चौथ्या स्टेजचे एक्स-रे घेऊन शेतात राबणारे लोक मी पाहिले आहेत, आणि दुसऱ्या स्टेजला रडणारेही. ठरवायचं ते दुखण्याने माणसाचं जगणं किती आखडलंय यावरून, आणि बाकीचे उपाय मनापासून करून झालेत का यावरून. तुमचं जगणं आखडलंय, यात मला शंका नाही. रात्रीची झोपमोड आणि दोन गल्ल्यांनंतर टेकणं, ही मोठी खूण आहे. पण पत्रात तेल आहे, पट्टा आहे, इंजेक्शन आहे. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम मात्र कुठेच नाही. वजनाचा उल्लेख नाही. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. हे दोन्ही करूनही शस्त्रक्रिया लागू शकते, तुमच्या बाबतीत बहुधा लागेलच. तरी तो व्यायाम वाया जात नाही, कारण नवा सांधाही त्याच स्नायूंच्या जोरावर चालायचा आहे.

आणि आता मला खरं म्हणायचं आहे ते. दिवाळीत नको.

गुडघा बदलण्यात सर्वांत भीती असते ती जंतुसंसर्गाची. तो शंभरात एखाद-दोघांनाच होतो, पण ज्याला होतो त्याची फरफट होते. सांधा पुन्हा उघडावा लागतो, कधी काढून आठवड्यांनी नवा बसवावा लागतो. तुमच्याकडे ही जोखीम वाढवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली शुगर. ९.१ हा आकडा फार आहे. बहुतेक सर्जन तो साडेसात-आठच्या खाली आणायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. दुसरी ते स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्यानंतर निदान तीन महिने त्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करू नये. गणपतीपासून दिवाळीपर्यंत मोजा, तीन महिने भरत नाहीत. मुलाची सुट्टी आणि तुमच्या शरीराची तयारी यांची तारीख एक येत नसेल, तर सुट्टी पुढे ढकलायची.

या मिळालेल्या वेळात दात दाखवून या. किडलेली दाढ, सुजलेली हिरडी आधी निस्तरायची. लघवीला जळजळ असेल तर तपासणी. टाचांना भेगा असतील, नखांच्या कडा पिकत असतील, तर त्या बऱ्या करायच्या, कारण जंतू तिथूनही शिरतात. मिश्रीची सवय असेल तर आत्ताच सोडा. लाजू नका, शिक्षिका असलेल्या बायकांनीही मला ही सवय कबूल केली आहे. आणि कुणी "सांधेदुखीवर रामबाण" म्हणून बिननावाची पुडी दिली असेल, तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि तेच शुगर वर नेत असतं.

दोन्ही गुडघे एकदम की एकेक? इथे एक उदाहरण आठवतं. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले. डावा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये. आठ महिन्यांचं अंतर. देशाचा कारभार खोळंबत असूनही एकदाच उरकून टाकलं नाही. एकाच वेळी दोन्ही करतात, आणि निरोगी, हृदय धडधाकट असलेल्या माणसाला ते मानवतंही. भूल एकदाच, खर्च थोडा कमी. पण शरीरावरचा ताण जास्त, आणि टेकायला चांगला पाय एकही उरत नाही. बारा वर्षांची शुगर असलेल्या ६६ वर्षांच्या बाईला मी तरी आधी उजवा आणि मग डावा असंच सांगेन. शेवटचा शब्द तुमच्या फिजिशियनचा आणि भूलतज्ज्ञाचा. त्यांना सर्जनच्या खोलीबाहेर, स्वतंत्रपणे विचारा. उजवा सुधारल्यावर डाव्याचं दुखणंही काही जणांना सोसण्याजोगं वाटू लागतं. मग घाई राहत नाही.

जाऊबाईंचं दुखणं खोटं नाही. गुडघा बदललेल्या पाच जणांतला एक जण मनासारखं समाधान झालं नाही असं सांगतो. हे आधी सांगायला हवं, आणि बऱ्याचदा सांगितलं जात नाही. कारणं वेगवेगळी असतात. कधी दुखणं कमरेतून किंवा खुब्यातून आलेलं असतं आणि बदलला जातो गुडघा. म्हणून तुमचा सर्जन खुबा हलवून बघतो का, पाठ तपासतो का, इकडे लक्ष ठेवा. कधी सांधा सैल असतो किंवा आत हळू संसर्ग असतो. जाऊबाईंनी तीन वर्षं सोसत बसण्यापेक्षा एकदा नीट तपासून घ्यावं, हे माझ्याकडून त्यांना सांगा. आणि कधी नुसता व्यायाम राहून गेलेला असतो. टिकण्याचं म्हणाल, तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात १०० पैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षं टिकलेले दिसले. तुमच्या वयाला हा हिशेब दिलासा देणारा आहे.

रोबोटबद्दल थोडक्यात. तो स्वतः शस्त्रक्रिया करत नाही, हाडाचा काप नेमका घ्यायला सर्जनला मदत करतो. काप अचूक येतो हे खरं. पण त्यामुळे दहा वर्षांनी पेशंटला कमी दुखतं, असं ठामपणे दाखवणारा पुरावा अजून नाही. कर्ज काढून रोबोट घेऊ नका. त्यापेक्षा, वर्षाला किती गुडघे करता, असं सर्जनला सरळ विचारा. रोजचा हात असलेला माणूस महत्त्वाचा.

सांध्याच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये औषध किंमत प्राधिकरणाने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी कमाल किंमत बांधून दिली. त्याआधी तोच दीड लाखाच्या घरात जायचा. पुढे आकड्यांत फेरफार झाले आहेत, म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा. सांध्याच्या खोक्यावर कंपनी, माप आणि क्रमांक असलेले स्टिकर असतात. ते तुमच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या. वीस वर्षांनी कुणाला तो सांधा पुन्हा उघडावा लागला, तर ते स्टिकर सोन्याच्या मोलाचे ठरतात. जन आरोग्य योजनेत बसतंय का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. विमा असेल, तर सांधेबदलासाठी किती वर्षांची थांबण्याची अट आहे ते आधी वाचा.

शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची. बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. त्या इंजेक्शनाने कंबर कायमची धरते हा गैरसमज आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. तीन-पाच दिवसांत घरी. टाके दोन आठवड्यांनी. वॉकर तीन-चार आठवडे, मग काठी. सर्जनचं काम इथे संपत आलेलं असतं, तुमचं सुरू होतं.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती माझ्या घरात घडली आहे. माझ्या आईचा गुडघा बदलला तेव्हा मी पहिले चार दिवस तिच्याजवळ होते, मग मला परतावं लागलं. रात्री सोबतीला एक मावशी होत्या, फार मायेच्या. आई कण्हली की त्या गुडघ्याखाली उशी सरकवायच्या. उशीने गुडघा जरा वाकलेला राहतो, ताण सुटतो, बरं वाटतं. बाराव्या दिवशी मी गेले, आईला उताणं झोपवलं, पाय सरळ ठेवायला सांगितला. गुडघ्यामागून माझी चार बोटं आडवी आरपार गेली. गुडघा गादीला टेकतच नव्हता. ते चार बोटांचं अंतर भरून काढायला आम्हा दोघींना साडेतीन महिने लागले, आणि त्यातला प्रत्येक दिवस तिला दुखला. गुडघा वाकत नाही याची सगळे काळजी करतात. तो सरळ होतोय का, हे कुणी बघत नाही. सरळ न होणाऱ्या गुडघ्याने माणूस लंगडतच चालतो आणि मांडी सारखी दमते. उशी ठेवायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने खाली येतो. दुखेल. पण ते दुखणं उपयोगाचं आहे.

व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास दुखण्याची गोळी घ्या. "गोळी नको, सोसते" हा आपल्या बायकांचा बाणा इथे आड येतो. गोळीशिवाय व्यायाम होत नाही, आणि पहिले सहा आठवडे असे वाया गेले की गुडघा आखडून बसतो. बर्फ फडक्यात गुंडाळून दिवसातून तीन-चारदा. गरम शेक नको. जखमेवर तेल, हळद, भस्म काही नको, आणि मालीश करणारीला दारातूनच परत पाठवा. पोटरी चोळणं तर मुळीच नको. शिरेत रक्ताची गाठ झाली असेल, तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर वाट न बघता १०८ला फोन. जखम चार-पाच दिवसांनंतरही झिरपत राहिली किंवा दुखणं कमी होता होता पुन्हा वाढलं, ताप आला, तर गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिक घेऊ नका, थेट सर्जनकडे जा. मात्र गुडघा कोमट लागणं, संध्याकाळी सुजणं, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, चालताना टकटक आवाज, हे सगळं बरेच महिने चालतं. त्याला घाबरू नका. पूर्ण बरं वाटायला वर्ष लागतं.

मुलाला सांगा, रुग्णालयातल्या दिवसांत नर्स असतात, तिथे सुट्टी खर्च करू नकोस. घरी आल्यानंतरचे दोन आठवडे ये. टाचेखालची उशी नीट ठेवायला आणि दिवसातून तीनदा व्यायामाला बसवायला तेव्हाच माणूस लागतं. आणि या दिवाळीला आलाच आहे, तर त्याच्या हाती टेप द्या. वॉकर साधारण दोन फूट रुंद असतो. जुन्या घरांत बाथरूमचं दार याहून फारसं मोठं नसतं, आणि आत जाता येत नाही हे घरी आल्यावर कळतं. दार मोजा. उंबरठा किती उंच आहे बघा. कमोड नसेल तर बसवून घ्या, शेजारी भिंतीत पक्का दांडा. पायपुसणी, सतरंज्या उचला. पलंगावर बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर येत असतील, तर खाली ठोकळे लावा. रोजची भांडी ओट्याखालून ओट्यावर आणा.

व्यायाम आज रात्रीपासूनच. गादीवर पाय लांब करून बसा. गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबा, मांडीवर हात ठेवून बघा, स्नायू दगडासारखा कडक व्हायला हवा. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा उजवा, दहा वेळा डावा, दिवसातून तीनदा. तीन महिन्यांनी शुगरचा नवा रिपोर्ट आला की मला आकडा कळवा, मग तारखेचं बोलू.